‘बाकी’ म्हणजे नेमकी कुणाची? पैशांच्या व्यवहारात नव्याने पडणाऱ्यांसाठी

“तुमची काही बाकी नाही हो, निघा निश्चिंत.” पतसंस्थेच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं आणि तिथूनच वडिलांना फोन लावला, “अण्णा, कर्ज फिटलं आपलं.” तीन वर्षांनी जमिनीचा एक तुकडा विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलांनी सातबारा पुढ्यात ठेवून ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवलं. संस्थेचा बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद, जसाच्या तसा होता. धावत संस्थेत गेलो, खातेउतारा काढायला लावला. शेवटच्या ओळीत आकडा होता, २६९ रुपये. त्यावर तीन वर्षांचं व्याज आणि नोटिसांचा खर्च. सगळं मिळून सहाशेच्या आसपास. भरायला दोन मिनिटं लागली, पण बोजा उतरेपर्यंत चार महिने गेले आणि तोवर तो घेणारा दुसरीकडे वळला.

काउंटरवरचा माणूस खोटं बोलला नव्हता. ‘हप्ता बाकी नाही’ असं त्याला म्हणायचं होतं. ‘कर्ज बाकी नाही’ असं मी ऐकलं. रोजच्या बोलण्यातला इतका साधा शब्द, पण पैशांच्या कागदावर आला की त्याचे चार-पाच अर्थ होतात. पहिलं बँक खातं, पहिलं कर्ज, सोसायटीचं खजिनदारपद किंवा घरच्या जमिनीची कागदपत्रं ज्यांच्या हाती पहिल्यांदाच येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी विचारा: बाकी कुणाची, कुणाकडे?

‘बाकी’ हा मूळचा अरबी शब्द, फारसीतून मराठीत आलेला. अर्थ एवढाच की ‘उरलेलं’. शाळेतल्या वजाबाकीत शंभरातून साठ गेले की बाकी चाळीस. ते चाळीस कुणाचे, हा प्रश्न गणिताच्या वहीत येत नाही. व्यवहारात मात्र पहिला प्रश्न तोच असतो. तुम्ही शंभराची नोट दिली आणि साठांचा माल घेतला तर ‘चाळीस बाकी’ म्हणजे दुकानदाराने तुम्हाला द्यायचे. शंभराचा माल नेऊन साठच दिले असतील तर तेच ‘चाळीस बाकी’ तुम्ही द्यायचे. शब्द तोच, आकडाही तोच.

मराठीत याची एक सोपी खूण आहे. ज्याच्या नावाला ‘-कडे’ लागतो, देणं त्याचं. ‘सुरेशकडे माझी बाकी आहे’ म्हणजे सुरेशने मला द्यायचे. ‘सुरेशची माझ्याकडे बाकी आहे’ म्हणजे मी सुरेशला द्यायचे. वहीत लिहिताना नुसतं ‘सुरेश, बाकी ४००’ असं कधीही लिहू नका. सहा महिन्यांनी ते तुम्हालाच कळणार नाही. ‘येणे बाकी’ किंवा ‘देणे बाकी’ असं पूर्ण लिहा.

‘खात्यावर किती बाकी आहे?’ हा प्रश्नही तसाच फसवा. बचत खात्याबद्दल विचारलं तर उत्तरातला आकडा तुमचा, कर्जखात्याबद्दल विचारलं तर बँकेचा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वतीने बँकेत चौकशी करत असाल तर आधी खात्याचा प्रकार सांगा, मग आकडा विचारा.

२. शेजारचे शब्द वेगळे ठेवा

माझा घोळ इथेच झाला, म्हणून इथे जरा थांबतो.

‘शिल्लक’ म्हणजे हाताशी असलेलं, खर्चून उरलेलं. शिल्लक सहसा तुमच्या बाजूची असते. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या हिशोबात ‘आरंभीची शिल्लक’ आणि ‘अखेरची शिल्लक’ दिसते ती हीच. पण कर्जाच्या उताऱ्यावर ‘कर्ज शिल्लक’ असंही छापलेलं असतं, आणि ती तुमची नसते. शब्दावरून निष्कर्ष काढण्याआधी वरचं शीर्षक वाचा.

‘थकबाकी’ म्हणजे मुदत टळून गेलेली बाकी. हा फरक नीट समजून घ्या. समजा तीन लाखांचं कर्ज आहे आणि सगळे हप्ते वेळच्या वेळी भरलेत. तुमची बाकी लाखांत असेल, थकबाकी शून्य असेल. ‘थकबाकी नाही’ असा दाखला हातात आला म्हणजे कर्ज फिटलं असं नाही, त्याचा अर्थ आजवरचे हप्ते चुकले नाहीत एवढाच. काउंटरवर बोलताना ‘थक’ गळून पडतं आणि नुसती ‘बाकी नाही’ उरते. बँकेच्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं तर ते खातं सर्वसाधारणपणे अनुत्पादित, म्हणजे एनपीए, ठरतं. (शेतीकर्जाला पिकाच्या हंगामाचा वेगळा हिशोब आहे.) तिथून पुढे वसुलीची भाषा बदलते.

‘उधारी’ ही मालाची, ‘उसने’ हे हातउसने, बहुतेक वेळा बिनव्याजी आणि बिनकागदी. ‘अनामत’ म्हणजे तुम्ही दुसऱ्याकडे ठेवलेली, परत मिळायची रक्कम. घरभाड्याच्या हिशोबात अनामत आणि भाडेबाकी एकमेकांत मिसळून टाकायची फार सवय आहे. घर सोडताना ‘अनामतीतून वळती करून घ्या’ असं तोंडी बोलून निघू नका. किती वळती केली आणि किती परत देणार, हे दोन आकडे लिहून घ्या.

पैशांशी संबंध नसलेली ‘बाकी’ही आहेच. ‘बाकी काय म्हणता?’, ‘बाकीचे कुठे गेले?’, ‘बाकी, पोरगी हुशार हं!’ या शेवटच्या वाक्यात तर काहीच उरलेलं नसतं, नुसतं कौतुक असतं. नव्याने मराठी शिकणाऱ्यांना मी हे वाक्य मुद्दाम ऐकवतो.

३. पासबुकाची बाजू आणि तुमच्या वहीची बाजू

पासबुक बँकेच्या नजरेतून लिहिलेलं असतं. तुम्ही पैसे भरले की बँक तुमचं देणं लागते, म्हणून ते ‘जमा’ (क्रेडिट) बाजूला येतात. काढले की ‘नावे’ (डेबिट). तुम्ही स्वतःच्या किंवा संस्थेच्या वहीत बँकेचं खातं लिहाल तेव्हा बाजू उलटते, कारण बँकेचं जे देणं, ते तुमच्या बाजूने ‘येणं’ असतं. पासबुकात जी ‘जमा बाकी’, ती तुमच्या वहीत बँक खात्याची ‘नावे बाकी’. नवे खजिनदार इथे हमखास गोंधळतात आणि एक बाजू ‘दुरुस्त’ करायला जातात. काही करू नका, दोन्ही बरोबर आहेत. फक्त आकडा जुळतोय का ते पाहा. जुळत नसेल तर बहुतेक वेळा न वटलेला चेक किंवा बँकेने परस्पर कापलेलं शुल्क सापडतं.

मोबाईलवर दोन आकडे दिसतात, खात्यातली शिल्लक आणि ‘उपलब्ध शिल्लक’. भरलेला पण अजून न वटलेला चेक, शेअरच्या अर्जासाठी रोखून ठेवलेली रक्कम किंवा खात्यावर लावलेला ‘लीन’ (बँकेने अडवून ठेवलेली रक्कम) असेल तर दुसरा आकडा कमी असतो. चेक लिहिताना उपलब्ध शिल्लक पाहा.

वीजबिलात थकबाकीच्या आकड्यामागे वजा चिन्ह असेल तर घाबरू नका. ती तुमची जादा भरलेली रक्कम आहे.

४. बाकीला तारीख असते

आमचे २६९ रुपये आले कुठून, ते सांगतो. संस्थेने दिलेल्या चिठ्ठीवर एकूण येणं लिहिलं होतं. त्यात मुद्दल ८४,००० आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज होतं. दर १३ टक्के. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत नऊ दिवस गेले, आणि मी चिठ्ठीवरचाच आकडा भरला. ८४,००० वर १३ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज साधारण २९ रुपये ९२ पैसे होतं. नऊ दिवसांचे २६९. चिठ्ठीवर कोपऱ्यात, निळ्या शिक्क्याखाली तारीख होती. मी ती वाचलीच नव्हती.

म्हणून कर्ज बंद करायला जाताना आकडा असा मागा: ‘अमुक तारखेला भरणार आहे, त्या दिवसअखेर मुद्दल, व्याज आणि इतर खर्च धरून एकूण येणं किती, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला किती वाढेल?’ हे लेखी मागा. दिवसाचं व्याज तुम्हालाही काढता येतं. मुद्दलाला व्याजदराने गुणा, १०० ने भागा, मग ३६५ ने भागा. तुमच्या आणि त्यांच्या आकड्यात चार-दोन रुपयांपेक्षा जास्त फरक दिसला तर कारण विचारा. बहुतेक वेळा दंडव्याज, नोटीस खर्च किंवा विम्याचा हप्ता सापडतो.

५. भरलेले पैसे कुठे वळते झाले?

तुम्ही भरलेली रक्कम थेट मुद्दलातून कमी होते, असा नव्या माणसाचा समज असतो. सहसा आधी खर्च, मग व्याज आणि उरलं तर मुद्दल, या क्रमाने ती वळती होते. थकलेल्या खात्यात दहा हजार भरूनही मुद्दल तसूभर हलत नाही ते यामुळे. पावतीवर मुद्दल, व्याज, इतर असे वेगळे रकाने असतात. नुसती खालची बेरीज वाचून पावती खिशात घालू नका.

एकाच ठिकाणी तुमची दोन कर्जं असतील तर आणखी जपा. भारतीय करार कायद्याच्या ५९व्या कलमानुसार पैसे देणाऱ्याने ‘हे अमुक देण्यापोटी’ असं सांगून रक्कम दिली आणि समोरच्याने घेतली, तर ती त्याच देण्यात धरावी लागते. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर ६०व्या कलमाने निवड घेणाऱ्याच्या हातात जाते. तेव्हा भरणा पावतीवर कर्ज खाते क्रमांक स्वतः लिहा. ऑनलाइन भरत असाल तर शेऱ्याच्या जागेत लिहा.

घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावतीवरही ‘मागील’ आणि ‘चालू’ असे दोन रकाने असतात. चालू वर्षाची पट्टी भरली म्हणून आपण निर्धास्त असतो आणि मागील रकान्यात दोन वर्षांपूर्वीचे शंभर रुपये बसलेले असतात. गृहनिर्माण सोसायटीतही हेच होतं. तिथे आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) थकलेल्या वर्गणीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज लावता येतं, चक्रवाढ नाही. बिलात व्याजावर व्याज लागलेलं दिसलं तर सचिवांना लेखी विचारा.

६. ‘बाकी मान्य’ या कागदावर सही करण्यापूर्वी

मार्चअखेर जवळ आला की बँका, पतसंस्था, व्यापारी एक कागद पाठवतात. ‘आपल्याकडे अमुक रुपये येणे बाकी आहे, मान्य असल्यास सही करावी.’ बरेच जण तो वाचत नाहीत. पण या सहीला वजन आहे. साध्या, तारण नसलेल्या उसनवारीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत तुम्ही देणं लेखी, सही करून मान्य केलंत, तर मुदत कायदा १९६३ च्या १८व्या कलमाने सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते.

देणं खरं असेल तर ते फेडायलाच हवं, टाळाटाळीसाठी मी हे सांगत नाही. पण आकडा तपासल्याशिवाय सही करू नका. फरक असेल तर ‘माझ्या हिशोबाने अमुक, फरक तपासावा’ असं लिहूनच सही करा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. आकड्याची जागा कोरी असेल तर सही अजिबात करू नका, समोर कितीही ओळखीचा माणूस असला तरी. उलट तुमचे पैसे कुणाकडे अडकले असतील तर हाच कागद तुमच्या उपयोगी पडतो. दर वर्षी समोरच्याकडून बाकी लेखी मान्य करून घेत जा.

७. बेबाकी दाखला मागून घ्या

‘बेबाक’ म्हणजे काही बाकी न उरलेला. हिंदीत ‘बेबाक’ म्हणजे निर्भीड. तो वेगळाच शब्द, ‘बाक’ म्हणजे भीती या फारसी शब्दावरून आलेला. आपला ‘बाकी’वरून आला. कर्ज पूर्ण फिटल्याच्या या बेबाकी दाखल्याला गावाकडे ‘निल दाखला’ म्हणतात, शहरात ‘नो ड्यूज’. नाव कुठलंही असो, कागदावर या गोष्टी आहेत का ते काउंटर सोडण्यापूर्वी वाचा:

- कर्जदाराचं पूर्ण नाव (सातबारा, आधारवर आहे तसं) आणि कर्ज खाते क्रमांक
- ‘मुद्दल, व्याज व इतर खर्चासह येणे बाकी निरंक’ (म्हणजे शून्य) असे स्पष्ट शब्द, आणि कोणत्या तारखेअखेर ते
- ‘खाते बंद केले’ हे शब्द; ‘थकबाकी नाही’ एवढ्यावर भागवू नका
- तारण मालमत्तेचं वर्णन (गट नंबर, गाव किंवा सदनिका क्रमांक) आणि त्यावरचा बोजा कमी करण्यास हरकत नसल्याचं वाक्य
- जामीनदारांची नावं आणि ते मोकळे झाल्याचा उल्लेख
- जावक क्रमांक, सही, हुद्दा, शिक्का

जामीनदारांचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. तुमच्या शब्दाखातर सही केलेल्या मित्राला पुढे स्वतःचं कर्ज घेताना अडचण येऊ नये, म्हणून दाखल्याची एक प्रत त्यालाही नेऊन द्या.

मूळ कागदपत्रांसाठी एक नियम माहीत असू द्या. बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या आणि गृहवित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. १ डिसेंबर २०२३ पासून घर, शिक्षण, वाहन अशी वैयक्तिक कर्जं पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दाद मिळाली नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्थांना हा आदेश लागू नाही. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येतात, तिथली तक्रार उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करायची. आमचं प्रकरण पतसंस्थेचं होतं, त्यामुळे मला हा दुसरा रस्ता पकडावा लागला.

८. दुसऱ्यांच्या दप्तरातली बाकीही उतरवा

संस्थेच्या वहीत शून्य झालं म्हणजे सगळीकडे झालं असं नाही. प्रत्येक दप्तर वेगळं आणि ते आपोआप एकमेकांशी बोलत नाहीत.

शेतजमीन असेल तर बेबाकी दाखला घेऊन तलाठी कार्यालयात ‘बोजा कमी करणे’चा अर्ज द्या किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करा. फेरफार नोंद, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, धरली जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद ‘धरली’ आणि ‘प्रमाणित झाली’ यांत फरक आहे, फेरफार क्रमांक घेऊन पाठपुरावा ठेवा. शेवटी डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा काढा. १५ रुपये लागतात. ‘इतर हक्क’मधला बोजा कमी झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शहरातली मिळकत असेल तर मालमत्ता पत्रकावर, म्हणजे नगर भूमापन कार्यालयात, हीच तपासणी.

गाडीचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचं ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत आरसीवरची नोंद काढा. विम्याच्या पॉलिसीवरही कंपनीचं नाव असतं, तेही काढायला सांगा. नाहीतर अपघाताच्या दाव्याचे पैसे अडकतात.

पतअहवाल, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि फेडीचा अहवाल, शेवटी पाहा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तिथे खात्यापुढे ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य हवी. ‘सेटल्ड’ असेल तर अर्थ वेगळा. एकरकमी तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडून दिली, सगळी फेड झाली नाही, असं पुढचा कर्ज देणारा वाचतो. तडजोडीच्या कागदावर सही करताना हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. चुकीची नोंद असेल तर अहवाल देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

बरोबर काय न्यायचं

आधार आणि पॅनच्या प्रती, कर्ज मंजुरीपत्र, शेवटचा खातेउतारा, सगळ्या भरणा पावत्या, कर्ज घेताना दिलेल्या मूळ कागदांची यादी (ती घेतली नसेल तर मंजुरीपत्रात शोधा), कोऱ्या सह्यांचे चेक दिले असतील तर त्यांचे क्रमांक. ते चेकही परत मागा. कर्जदार हयात नसेल तर वारसांची कागदपत्रं आधी विचारून घ्या, नाहीतर दोन खेपा होतात. आणि दोन कोरे कागद ठेवा. अर्ज तिथेच लिहायचा आणि पोच घ्यायची.

अण्णांच्या फाइलीत आता बेबाकी दाखला, प्रमाणित फेरफार आणि नवा सातबारा असे तीन कागद एकत्र टाचून ठेवलेत. दाखल्यावर ‘व इतर खर्चासह’ हे तीन शब्द मूळ मजकुरात नव्हते. मी थांबून राहिलो, संस्थेच्या व्यवस्थापकांनी ते पेनाने घातले आणि शेजारी पुन्हा छोटी सही केली.